सीताबर्डीचा रस्ता कोणाचा?

सन २०२२ च्या मार्चपासून सन २०२६ च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे चार वर्षांस दोनच महिने कमी इतका काळ, नागपूर शहरास लोकनियुक्त सभा नव्हती. महापालिकेचा सारा कारभार सरकारनियुक्त आयुक्त हाच प्रशासक होऊन पाहत होता. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी १५१ जागांसाठी मतदान झाले आणि महालाची सभागृहे पुन्हा बोलू लागली. या गोष्टीचा आनंद मानावा हे रास्तच. परंतु त्या पावणेचार वर्षांत सीताबर्डीच्या पेठेत आम्हांस जे ऐकावयास मिळाले ते विसरण्यासारखे नाही. सभा नाही म्हणून कोणी हळहळल्याचे आमच्या कानी फारसे आले नाही. उलट, "नगरसेवक नाहीत म्हणून निदान कामे तरी मुकाट्याने होतात," असे चारचौघांत मान असलेले गृहस्थ गल्ल्यावर बसून निःसंकोचपणे सांगत. ज्या अधिकारासाठी आपल्या वाडवडिलांनी दोन पिढ्या अर्ज, विनंत्या व चळवळी केल्या, तो हातचा गेला असता त्याची चुटपुटही लागू नये, हे कसे झाले याचा विचार आज करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कायद्याच्या दृष्टीने पाहता ही स्थिती उद्भवावयासच नको होती. १ जून १९९३ पासून अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने असे ठरविले आहे की, नगरसंस्थेची मुदत पाच वर्षांची, त्याहून अधिक नाही. आणि ती मुदत संपण्यापूर्वीच पुढील निवडणूक पुरी झाली पाहिजे. नागपूरची मागील निवडणूक फेब्रुवारी २०१७ ची. ती मुदत संपली तेव्हा इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला होता. सरकारे बदलली, रचना बदलल्या, तारखांवर तारखा पडल्या. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावले, आणि तीही मुदत पुढे वाढवून द्यावी लागली. विधानसभेची निवडणूक चार वर्षे लांबली असती तर देशभर केवढा गहजब उडाला असता! नगरसभेची लांबली तेव्हा मात्र वर्तमानपत्रांतील काही स्तंभ व वकिलांचे काही अर्ज यांपलीकडे फारसे काही घडले नाही.

आमच्या मते याचे कारण लोकांच्या आळसात नाही, किंवा निदान केवळ आळसात नाही. लोकांस अनुभवाने एक गोष्ट कळून चुकली आहे, ती ही की ज्या जमिनीवर ते उभे राहतात, चालतात व व्यापार करतात, त्या जमिनीविषयीचे निर्णय बहुतांशी त्या सभेत होतच नाहीत. आमच्या वाचकांपैकी कोणीही व्हेरायटी चौकात पाच मिनिटे उभे राहून पाहावे. डोक्यावरून जाणारी मेट्रो व तिचे ते प्रचंड स्थानक केंद्र व राज्य सरकारांच्या संयुक्त कंपनीचे. पलीकडे टेकडीवरील किल्ला, जेथे २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली, तो लष्कराच्या ताब्यात. वर्षातून मोजक्या दिवशी लोकांस वर जाता येते. मोरभवनचे बसस्थानक राज्य परिवहन महामंडळाचे. चौकातील वाहतूक राज्याच्या पोलीस खात्याची. शहराच्या काही भागांत नियोजनाचा अधिकार महापालिकेचा, तर सुधार प्रन्यासाच्या योजनांत तो प्रन्यासाचा. या सर्वांतून जो उरेल तो रस्ता, तेथील गटार, दिवा व कचरा, एवढेच महापालिकेचे. आणि त्यातही हुकूम चालतो तो आयुक्तांचा, ज्यांस नेमणे व हलविणे हे सर्वस्वी मुंबईच्या मंत्रालयाकडे. मग ज्यास आपण मत दिले तो नगरसेवक करणार काय? तो अर्ज घेऊन फिरणार, आणि फार तर आपल्या गल्लीत सिमेंटचे ठोकळे बसवून त्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावणार.

ही व्यवस्था काही काल-परवा जन्मास आलेली नाही. लॉर्ड रिपन यांच्या सरकारने १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, त्यात लोकांस कारभाराचे शिक्षण मिळावे हा हेतू स्पष्ट होता. परंतु १८८८ च्या कायद्याने मुंबई शहरास जी घडी घालून दिली, तीत सभेने चर्चा करावी व पैसा मंजूर करावा, अंमलबजावणी मात्र सरकारनियुक्त कमिशनरने करावी, अशी वाटणी झाली. परकी सरकारास नेटिवांच्या हाती अंमल द्यावयाचा नव्हता, हे त्या काळी समजण्यासारखे होते. नवल याचे वाटते की, स्वराज्य आल्यावरही तीच घडी महाराष्ट्राच्या सर्व महापालिकांनी उचलली. नागपूरची नगरपालिका १८६४ ची. तिचे महापालिकेत रूपांतर १९५१ मध्ये झाले, आणि बॅरिस्टर शेषराव वानखेडे हे पहिले महापौर झाले. तेव्हापासून आजवर महापौराचा मान मोठा, मोटार मोठी, अधिकार मात्र सभेच्या अध्यक्षाहून फारसा अधिक नाही. त्यातही मुदत अडीच वर्षांची आणि पद कोणत्या प्रवर्गास हे सोडतीवर. म्हणजे खुर्ची ऊबदार होईतो उठण्याची वेळ येते. १९९८ मध्ये मुंबई व नागपूर येथे महापौर-परिषदेचा, म्हणजे लोकनियुक्तांच्या हाती अंमल देण्याचा प्रयोग झाला खरा. पण दुसऱ्याच वर्षी तो गुंडाळण्यात आला. त्या प्रयोगात दोष नव्हते असे आम्ही म्हणत नाही. परंतु पोहावयास शिकणाऱ्या मुलाने दोन घोट पाणी प्याले म्हणून त्यास जन्मभर काठावरच बसवून ठेवावे, हा न्याय कोठला?

शहर म्हणजे काय, याविषयीही दोन निराळ्या कल्पना या गावात शंभर वर्षांपूर्वी एकमेकींसमोर उभ्या होत्या, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. स्कॉटलंडचे विद्वान पॅट्रिक गेडिस यांनी १९१७ मध्ये येथील नगरपालिकेस नगररचनेचा अहवाल सादर केला. गेडिस यांची पद्धत अशी की, आराखडा काढण्यापूर्वी गल्लीगल्ली पायी फिरावे, विहीर, देऊळ, पार, झाड हे कोणाच्या उपयोगाचे आहे ते पाहावे, आणि जेथे थोडकी काटछाट करून भागेल तेथे सरळ रेषेचा रुंद रस्ता काढून शेकडो घरे उद्ध्वस्त करू नयेत. शहर हे त्यांच्या मते तेथे राहणाऱ्यांचे होते. रचनाकार हा वैद्य, मालक नव्हे. दुसरी कल्पना मुंबईहून आली. १८९६ च्या प्लेगनंतर तेथे १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जमीन ताब्यात घ्यावी, भूखंड पाडावेत, रस्ते आखावेत व भूखंड विकून खर्च भागवावा, हा त्याचा क्रम. मुंबईने तो ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन करून टाकला, आणि अवघ्या तीन वर्षांनी, १९३६ च्या कायद्याने, नागपुरास सुधार प्रन्यास मिळाला. मुंबईने उतरविलेला अंगरखा आम्ही अंगावर चढविला, आणि तो नव्वद वर्षे झाली तरी उतरत नाही. प्रन्यासाने काहीच केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. शहरातील पुष्कळ वसाहती व बागा त्याच्या आखणीतून झाल्या आहेत. परंतु त्याचा अध्यक्ष सरकार नेमणार, विश्वस्तांत लोकप्रतिनिधींस दोन-चार खुर्च्या मिळणार, आणि सामान्य नागरिकाने त्यास कोणत्याही निवडणुकीत जाब विचारावा म्हटले तर सोयच नाही. २०१९ मध्ये सरकारने प्रन्यास विसर्जित करण्याचे ठरविले, पुढच्या सरकारने तो निर्णय फिरविला. ठरविणाऱ्याने आणि फिरविणाऱ्याने, दोघांनीही नागपूरकरांचे मत घेतले नाही.

याचा परिणाम काय होतो तो गेल्या काही वर्षांत दोनदा दिसून आला. २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री व पहाटे थोड्याच तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि माणसे दगावली. सीताबर्डीत मोरभवनच्या आवारात बसगाड्या पाण्यात बुडाल्या. त्या रात्री ज्याचे दार ठोठावावे असा एकही नगरसेवक कायद्याने अस्तित्वात नव्हता. तलावाच्या सांडव्याखालील पुतळा पाण्याच्या वाटेत येतो की काय, नदीच्या पात्रात बांधकामे कोणी होऊ दिली, हे प्रश्न वस्तुतः सभागृहात निघावयाचे. ते रहिवाशांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे न्यावे लागले. पुढल्या वर्षी दीक्षाभूमीवर तोच अनुभव. तेथे भूमिगत वाहनतळाचे काम महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे प्रन्यासाच्याच धाकट्या भावंडाने, हाती घेतले होते. १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक तेथे जमले, बांधकामाची मोडतोड झाली, आणि त्याच दिवशी सरकारास काम थांबविल्याचे जाहीर करावे लागले. मोडतोडीचे समर्थन आम्ही करणार नाही. पण ज्या भूमीविषयी लक्षावधी लोकांच्या भावना इतक्या उत्कट, तिच्यातील खोदकामाविषयी त्या लोकांस आधी बोलाविण्याची सक्ती कोणत्याही कायद्याने प्राधिकरणावर केलेली नव्हती, ही त्या प्रकारातील मुख्य गोष्ट होय.

आता आमच्या व्यापारी वाचकांस थोडे कटू वाटेल असे बोलावयाचे आहे, आणि त्याची सुरुवात त्यांच्याच विजयापासून करितो. जकात हा नगरसंस्थेचा जुना व मुख्य आधार. नाक्यावरील खोळंबा, हिशेबाची कटकट आणि चिरीमिरी यांमुळे व्यापाऱ्यांस तिचा वीट आला होता, आणि तो योग्यच होता. नागपुरात १ एप्रिल २०१३ पासून तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. त्याविरुद्धही पेठा बंद राहिल्या. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतील उलाढालीस तो माफ झाला आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर तो पार नाहीसा झाला. पेढे वाटले गेले. परंतु त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, तिजकडे कोणाचे लक्ष गेले नाही. महापालिकेची तिजोरी शहरातून उचलून मुंबईस गेली. आता राज्य सरकार १९१७ नव्हे, २०१७ च्या कायद्याने ठरलेली भरपाई, दरसाल आठ टक्के वाढ धरून, महापालिकेस पाठविते, आणि मालमत्ताकर व पाणीपट्टी सोडता शहराचा संसार त्या रकमेवर चालतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. पूर्वी व्यापारी महापालिकेस म्हणू शकत असे की, आमच्या जकातीचे तुम्ही काय केले ते दाखवा. आज तो तसे विचारू लागला तर महापालिका सांगेल, तुमचा कर आम्ही घेतलाच नाही. जकात परत आणावी असे आम्ही सुचवीत नाही. एवढेच म्हणतो की, कर जातो त्याबरोबर जाब विचारण्याचा हक्कही जातो, आणि त्याच्या मोबदल्यात काही मागून घ्यावयास हवे होते.

यावर उत्तर येईल की मालमत्ताकर तर आम्हीच भरतो, दुकानाचे भाडे आम्हीच भरतो, मग दारापुढचा रस्ता मोकळा मिळू नये काय? येथे आम्ही मेन रोडच्या मूळ तंट्याशी येऊन पोहोचतो. व्हेरायटी चौकापासून लोहापुलाकडे जाणाऱ्या या रस्त्यावर दुकानदार, फेरीवाला व गिऱ्हाईक यांची ओढाताण वर्षानुवर्षे चालू आहे. पथक येते, माल उचलते, हातगाड्या गल्लीत पळतात, दोन तासांनी पुन्हा येतात. दुकानदार न्यायालयात जातात, फेरीवाल्यांच्या संघटनाही जातात. दुकानदाराचे गाऱ्हाणे खोटे नाही. सणासुदीच्या दिवसांत आगीचा बंब आत शिरेल की नाही याची शंका वाटावी अशी गर्दी तेथे असते, आणि जो भाडे व कर भरतो त्याच्याच दारात बिनभाड्याचा प्रतिस्पर्धी उभा राहिला तर त्यास राग येणे स्वाभाविक आहे. पण त्याच दुकानदारांपैकी किती जणांनी आपला ओटा, आपली पाटी व आपले पुतळे पदपथावर आणून ठेविले आहेत, हेही त्याच रस्त्याने चालणारास दिसते. आणि मेन रोडवर जी गर्दी लोटते ती केवळ काचेच्या दुकानांसाठी लोटत नाही. शंभर रुपयांचा ओढणी-रुमाल घ्यावयास आलेली बाई तेथेच पुढे हजाराची साडी घेते, हे पेठेतील जुन्या माणसास सांगावयास नको.

"आम्ही कर भरतो म्हणून रस्ता आमचा" या विचाराचे मूळ फार जुने आहे. इंग्रजी अमदानीत नगरपालिकेचे मत ज्याचे घर, ज्याचा कर किंवा ज्याचे शिक्षण त्यास असे. भाडोत्री, मोलकरीण, हमाल, झाडूवाला हे शहरात राहत, शहर चालवीत, परंतु कायद्याच्या दृष्टीने ते शहराचे नव्हते. स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकाराने तो भेद पुसला. मतपेटीपाशी तो पुसला गेला; पदपथावर मात्र अजून पुसला गेलेला नाही. फेरीवाल्याचे मत आपण मोजतो आणि त्याची गाडी अतिक्रमण म्हणून उचलतो. बायकांसाठी निम्म्या जागा २०११ पासून राखीव आहेत. पण दिवसभर पेठेत उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या स्त्रीस व खरेदीस आलेल्या मुलीस स्वच्छ शौचालय किती पावलांवर मिळते, हा प्रश्न सभागृहात किती वेळा निघतो? लोकशाही ही जागेशी बांधलेली असते. ज्यास उभे राहावयास जागा नाही, त्याचे मत पाच वर्षांतून एकदा फार तर पाच मिनिटे टिकते.

या तंट्यासाठी संसदेने मार्ग काढून ठेविला आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहरात विक्री समिती नेमावयास सांगितले. तिच्यावर निदान चाळीस टक्के सभासद फेरीवाल्यांनी आपल्यांतून निवडून दिलेले, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया. बाकीच्यांत पोलीस, नियोजन खाते, रहिवासी मंडळे आणि (आमच्या व्यापारी मित्रांनी हे नीट ध्यानात घ्यावे) बाजारपेठांच्या व व्यापाऱ्यांच्या संस्था. दर पाच वर्षांनी निदान एकदा विक्रेत्यांची पाहणी करावी. ती पुरी होईपर्यंत कोणास हुसकावू नये. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांस सामावून घ्यावे. आणि पन्नास वर्षांहून जुना बाजार वारशाचा बाजार समजावा. म्हणजे दुकानदार व फेरीवाला एकाच मेजाशी बसून कोणत्या बाजूस, किती वाजता, किती फुटांत विक्री व्हावी हे ठरवितील, अशी ही योजना आहे. ती जर कागदावर राहून प्रत्येक दिवाळीस पथक व न्यायालय यांचाच खेळ चालू राहत असेल, तर त्यात दोष केवळ महापालिकेचा नाही. दोन्ही पक्षांस समितीत बसून निम्मे मिळविण्यापेक्षा न्यायालयातून सारे मिळविण्याची आशा अधिक गोड वाटते. दोघांच्या भांडणात लाभ कोणाचा होतो? माल सोडविण्यासाठी दंड भरणारास ते पक्के ठाऊक आहे.

मोठी सभा अशा बारीक प्रश्नांस पुरी पडणार नाही हेही खरे. २०११ च्या शिरगणतीत नागपूरची वस्ती २४ लाख ५ हजारांहून अधिक होती; म्हणजे एका नगरसेवकामागे सुमारे १६ हजार माणसे. त्यातून चार-चार जणांचा एक प्रभाग, म्हणजे एका प्रभागात ६० हजारांहून अधिक वस्ती आणि चौघांपैकी जबाबदार कोण हे कोणासच ठाऊक नाही. २००२ मध्ये तिघांचा प्रभाग, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ पासून चौघांचा. जे सरकार आले त्याने आपल्या सोयीने कापड फाडले. मुंबईकरांस एका वॉर्डास एक सभासद ही सोय आहे, ती नागपूरकरांस का नको, याचे उत्तर आजवर कोणी दिले नाही. घटनेने तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. नागपुरात दहा झोनांच्या समित्या आहेतही. पण सरासरीने पाहिले तर एका झोनात सुमारे दोन लाख चाळीस हजार माणसे येतात, त्यास शेजार म्हणावयाचे कसे? २००९ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद घातली, म्हणजे खेड्यातील ग्रामसभेप्रमाणे काही मतदानकेंद्रांच्या टापूतील सर्व मतदारांनी एकत्र जमून आपल्या टापूची कामे सुचवावीत. ती तरतूद ग्रंथात आहे. रस्त्यावर आलेली आमच्या पाहण्यात नाही.

नव्या सभेपुढे काम पुष्कळ आहे आणि तिच्या हाती अधिकार थोडे आहेत, हे आम्ही जाणतो. प्रन्यास विलीन करणे, आयुक्तांस सभेस जबाबदार करणे, एका प्रभागास एक सभासद देणे, यांसाठी मुंबईस जावे लागेल, आणि त्यासाठी सर्व पक्षांच्या सभासदांनी ठराव करून तो लावून धरावा. परंतु काही गोष्टींस कोणाची परवानगी लागत नाही. विक्री समितीच्या बैठकीचे इतिवृत्त मराठीत छापून सीताबर्डीच्या चौकात लावण्यास महापालिकेस कोणता कायदा आडवा येतो? मेन रोडच्या टापूतील मतदारांची सभा, क्षेत्रसभेची अधिसूचना निघो वा न निघो, त्या प्रभागाच्या चौघा सभासदांनी स्वतःच बोलवावी. पेठ बंद असते त्या दिवशी सकाळी जवळच्या एखाद्या शाळेत ती भरवावी. फेरीवाल्या बायकांस पुढच्या बाकांवर बसवावे, आणि अध्यक्षस्थानी पुढाऱ्यास न बसविता पेठेतील एखाद्या जुन्या दुकानदारास बसवावे. तेथे पहिला प्रश्न बंबाच्या वाटेचा घ्यावा, कारण त्यात दुकानदार आणि फेरीवाला दोघांचेही हित एकच आहे; रस्त्याची रुंदी सर्वांदेखत टेपाने मोजावी, आणि ओटे व गाड्या दोहोंच्या रेषा त्याच दिवशी चुन्याने आखाव्यात.